काटा सहा हजारांवर गेल्यावर

२००३ साली होंडाने भारतात नवी सिटी आणली, तेव्हा तिचं इंजिन जुन्या सिटीपेक्षा कमी ताकदीचं होतं. जुन्या गाडीचं दीड लिटरचं व्हीटेक इंजिन १०६ अश्वशक्ती द्यायचं. नव्या गाडीत तेवढ्याच आकाराचं इंजिन होतं आणि ताकद होती ७७. कंपनीचा हिशोब बरोबर होता. 'ॲव्हरेज किती देते?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न, आणि नवी गाडी त्याचं उत्तर झोकात द्यायची. ती खपलीही भरपूर. पण २००० पासून पुढची तीन वर्षं जी व्हीटेक सिटी शोरूममधून बाहेर पडली, तिच्यासारखं इंजिन त्या किमतीत पुन्हा कधी मिळेल, याची खात्री उरली नाही. मग ती गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, आणि जुन्या बाजारात तिला वेगळीच माणसं भेटली. बँकेतले कारकून, कॉलेजातले प्राध्यापक, साखर कारखान्यातले फिटर, आयटीतली पोरं. त्यांना चार दारांच्या या साध्या दिसणाऱ्या गाडीत एक स्पोर्ट्स कार दिसत होती.

गेल्या पावसाळ्यापासून मी या माणसांना भेटत फिरलो. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. जुनी गाडी घेऊन तिच्यावर पगार ओतणं हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असा एक समज आहे. मला भेटलेल्या बहुतेकांकडे दुसरी गाडी नव्हती. होती ती बायकोच्या नावावरची स्कूटर.

या इंजिनात एवढं काय आहे, ते आधी सांगायला हवं. कोणत्याही पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्यावरचे उंचवटे ते उघडतात. उंचवटा लहान असेल, तर व्हॉल्व्ह थोडा उघडतो आणि लवकर मिटतो. शहरात, तीस-चाळीसच्या वेगाने जाताना हे उत्तम. इंजिन शांत चालतं, पेट्रोल वाचतं. पण मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाला श्वास घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही. त्याला मोठा उंचवटा हवा. तो दिला, तर गाडी सिग्नलला थरथरते आणि खालच्या फेऱ्यांत मरगळते. शर्यतीचं इंजिन आणि घरचं इंजिन यांच्यातलं अंतर पुष्कळदा एवढंच असतं.

होंडाच्या इकुओ काजितानी या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. १९८९ साली जपानमध्ये आलेल्या इंटिग्रा गाडीत त्यांनी एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही तऱ्हेचे उंचवटे बसवले. खालच्या फेऱ्यांत लहान उंचवटे काम करतात. फेऱ्या वाढल्या की इंजिनाचा कॉम्प्युटर तेलाची एक वाट उघडतो, तेलाच्या दाबाने एक बारीक पिन सरकते, आणि व्हॉल्व्ह ढकलणारे हात मधल्या मोठ्या उंचवट्याला जोडले जातात. एकच गायक विलंबित आणि द्रुत दोन्ही तितक्याच ताकदीने गाऊ शकावा, तसं. त्या १.६ लिटरच्या इंटिग्राने १६० अश्वशक्ती दिली. टर्बो न लावता लिटरमागे शंभर, हा आकडा तेव्हा रस्त्यावरच्या गाडीत फारसा कुणी पाहिला नव्हता.

आपल्या सिटीतली रचना याहून साधी होती. कॅमशाफ्ट एकच, आणि ही करामत फक्त हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपुरती. तरीही १४९३ सीसीतून १०६ अश्वशक्ती, आणि तीसुद्धा ६८०० फेऱ्यांना. म्हणजे गाडीची सगळी ताकद बघायची, तर इंजिन तिथवर न्यावं लागतं. गाडी विकत घेणाऱ्यांतले कित्येक जण तिथे कधी पोचलेच नसतील. आपल्याकडे तीन हजारांच्या आत गिअर टाकायची सवय. इंजिन ओरडलं की गाडी तुटेल असं शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांना वाटतं. सांगलीच्या एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या एका तरुणाने मला सांगितलं, की त्याने गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने ती अकरा वर्षं वापरली होती आणि वरच्या फेऱ्यांत इंजिनाचा आवाज बदलतो, हे त्या मालकाला माहीतच नव्हतं. "दादा, काटा पाच हजार ओलांडून वर गेला आणि गाडीचा गळाच बदलला. मी घाबरून पाय काढला. मग परत दिला," तो म्हणाला.

या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का? शुद्ध अर्थाने नाही. पण शुद्ध अर्थाची स्पोर्ट्स कार आपल्या रस्त्यांवर परवडेल अशा किमतीत आली कुठे? नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची छोटी दोन आसनी गाडी निघाली. तिच्यात रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन होतं आणि ती मोजक्याच लोकांपर्यंत पोचली. बाहेरून आणायची, तर आयात शुल्क इतकं, की २००३ मध्ये सचिन तेंडुलकरच्या भेट मिळालेल्या फेरारीच्या शुल्काचा प्रश्न देशभर गाजला. जुनी गाडी परदेशातून आणायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. जपानमध्ये किंवा इंग्लंडमध्ये विशीतला पोरगा वीस वर्षांची मझदा एमएक्स-५ घेतो, तशी वाट इथे बंदच आहे. म्हणून आपल्या पोरांनी घरगुती गाड्यांत वेग शोधला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट पॅलिओ १.६. औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडली जाणारी ऑक्टाव्हिया आरएस, टर्बो पेट्रोल इंजिन असलेली आपल्याकडची पहिली गाडी, २००४ सालची, १५० अश्वशक्तीची. जुनी मारुती बलेनो. मित्सुबिशी सेडिया. आणि पुढे चाकणची पोलो. या प्रत्येकीचे भक्त आहेत. मी सिटीवर थांबलो, कारण तिच्यात इंजिनिअरचा हेतू सगळ्यात स्पष्ट दिसतो.

आता खरेदी. या गाड्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत, आणि इथेच निम्मी माणसं चुकतात. गाडी बघायला जाताना डोक्यात सायलेन्सर आणि अलॉय व्हील असतात. कागद आणि पत्रा राहून जातो.

कागद आधी. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचायचा, फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. या गाड्यांत इंजिन बदललेलं असण्याची शक्यता दांडगी असते, आणि नोंद नसलेलं इंजिन म्हणजे पुढे आरटीओत अडलेली गाडी. कर्जाचा बोजा चढलेला असेल, तर बँकेची सही असलेला ३५ नंबरचा फॉर्म. नावावर करायला २९ आणि ३०. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी, २८ नंबरची. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात सुटतात आणि इकडे येतात. त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात; तिकडची कोरडी हवा पत्र्याला मानवते. पण एनओसीशिवाय हातात घेतलेली दिल्लीची गाडी म्हणजे अंगणात उभं केलेलं भंगार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. २०२२ पासून मोटारीची ही फी पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून दहा हजार. वर पर्यावरण कर, वर नव्या नंबरप्लेटा. गाडीच्या किमतीची घासाघीस करताना हे सगळं मनात जमेला धरलेलं बरं.

मग पत्रा. मुंबई-कोकणातली गाडी असेल, तर दाराच्या खालची कड, चाकावरची कमान, डिकीतली स्टेपनीची खोबण, पायाखालचं मॅट उचलून दिसणारी जमीन, हे सगळं बोटाने दाबून बघावं. रंगाखाली फुगवटा असेल, तर आत गंज पसरलेला असतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पुट्टी भरून तो झाकलेला असला, तरी लोहचुंबक फसत नाही. पुट्टीवर ते चिकटत नाही.

आणि पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या सिटी दोन ते पाच वर्षांच्या होत्या आणि मुंबईच्या इमारतींच्या तळात उभ्या होत्या. त्यातल्या कित्येक गाड्या धुऊन-वाळवून पुन्हा बाजारात आल्या. नंतर २०१९ आणि २०२१ला कोल्हापूर-सांगलीत तेच झालं. बुडालेली गाडी ओळखायची एक खूण मला उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी दाखवली. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याचा जो भाग कधीच बाहेर येत नाही, तिथे मातकट रेघ होती. "गालिचा धुतात, सीट धुतात. ह्यो पट्टा कुणी धुत न्हाई," मामा म्हणाले. गाडी बघायला आलेल्या पोराने तिथल्या तिथे विकणाऱ्याला फोन लावून नाही सांगितलं.

इंजिन नेहमी गार असताना सुरू करून बघावं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावं. तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर असेल, तर पाणी तेलात मिसळतंय, हेड गॅस्केट संशयित. गाडी उतारावर सोडून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. जोर लावताना सारखाच येत असेल तर रिंगा. पहिलं काम पाच-सहा हजारांच्या घरातलं, दुसऱ्यात इंजिन उघडावं लागतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे आकडे मोठे असण्याइतकंच महत्त्वाचं. टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागावी. पावती नसेल, तर बदललेला नाही असंच धरून चालावं, कारण या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं.

व्हीटेकची स्वतःची अशी एक कमजोरी आहे: तेल. सगळी करामत तेलाच्या दाबावर चालते. ज्या मालकाने पैसे वाचवायला तेल वेळेवर बदललं नाही, त्याच्या गाडीत तेलाच्या वाटेवरची बारीक जाळी गाळाने चोंदते आणि पिन सरकतच नाही. गाडी चालते, मायलेज देते, कुणाला काही कळत नाही. फक्त वरचा निम्मा दम नाहीसा झालेला असतो. म्हणून चाचणी घेताना मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर एकदा तरी दुसऱ्या गिअरमध्ये काटा वर नेऊन तो आवाज ऐकलाच पाहिजे. त्याखेरीज ती गाडी व्हीटेक आहे, हे फक्त डिकीवरच्या अक्षरांवरून मानावं लागतं.

गाडी घरी आली की पहिला मोह होतो तो बदल करायचा. उद्यमनगरातले मामा या मोहाला ठामपणे आडवे येतात. "आधी गाडी हाय तशी नीट हुभी करा. मग वाढवायचं बघू." मला हे सगळ्या लेखातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं. पंचवीस वर्षांच्या गाडीत जे ढिलं वाटतं, ते पुष्कळदा इंजिनिअरचं कमी पडलेलं काम नसतं, झिजलेलं रबर असतं. सस्पेन्शनचे बुश वाळून फुटलेले असतात, इंजिन माउंट बसलेले असतात, शॉकअब्सॉर्बर नुसते लोंबकळत असतात. अशा गाडीवर महागडे स्प्रिंग चढवले, तर चाकं कुठे वळतील याचा भरवसा नसतो. बुश, माउंट, ब्रेकचे नळ, कूलंटचे होज, नवे टायर. एवढं केलं की गाडी २००० साली शोरूममधून निघाली होती तशी वागायला लागते, आणि कित्येकांना तेव्हा कळतं, की आपल्याला वाढवायचं काही नव्हतंच.

सांगलीच्या त्या बँकेतल्या मित्राची गाडी उन्हात उभी राहिली, की सुरू व्हायची नाही. संध्याकाळी गार झाली की पहिल्या सेल्फला चालू. एका गॅरेजमध्ये त्याला नवा पेट्रोल पंप बसवून दिला, दुसऱ्यात स्टार्टर. मामांनी डॅशबोर्डखाली हात घालून एक काळी डबी काढली. तो मेन रिले. त्या काळच्या होंडांत त्याच्या आतल्या टाक्याला केसासारखी भेग जाते, तापल्यावर ती फाकते आणि पंपाला वीज मिळत नाही. मामांनी टाके पुन्हा घातले. पैसे चहाचे घेतले. टाके घालण्याआधी मी तो रिले हातात घेऊन भिंगातून बघितला होता. ती भेग खरोखरच डोळ्यांना सहज दिसत नाही.

इंधनाचाही प्रश्न आता आला आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. उसाला भाव मिळतो, परकीय चलन वाचतं, कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांना त्याचा फायदा आहे, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. पण २००० सालच्या गाडीचे रबरी नळ, ओ-रिंगा आणि सील या इंधनासाठी बनवलेले नाहीत. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, जुन्या रबराला सुजवतं किंवा कोरडं करतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना याचा त्रास जास्त. पेट्रोलची गळती म्हणजे आगीची भीती, म्हणून इथेनॉल सोसणारे नळ टाकणं हे या गाडीवरचं पहिलं काम असावं, अलॉय व्हीलच्या कितीतरी आधी.

सुटे भाग मिळतात कुठून? कंपनीकडून आता थोडेच. सिटीची ही पिढी मुळात आशियाई बाजारासाठी बनवली गेली आणि आधी थायलंडमध्ये, १९९६ साली आली. म्हणून तिथून येणारा माणूस कुणाच्या ओळखीचा असेल, तर बॅगेत डिस्ट्रिब्युटर आणि गॅस्केट सेट येतात. नाना पेठेत जुन्या दुकानदारांकडे कपाटाच्या वरच्या फळीवर अजून डब्यातला माल सापडतो. कुर्ल्याला तुटलेल्या गाड्यांचे भाग ढिगाने मिळतात, पण तिथे आपल्याला काय हवंय ते नंबरासकट पाठ असावं लागतं. आणि जे कुठेच मिळत नाही, ते उद्यमनगरात लेथवर बनतं. ओतकाम, बोरिंग, ग्राइंडिंग, सगळं चार गल्ल्यांत. शेतीच्या पंपांपासून घडत आलेला हा हात आहे. तिथे मायक्रॉनची भाषा बोलणारा माणूस दहावी नापास असू शकतो आणि त्याचं माप चुकत नाही.

गाडी मूळपदावर आल्यावर वाढवायचं ठरलं, तर क्रम कोणता? मला भेटलेल्या जाणत्या माणसांचं यावर जवळजवळ एकमत आहे: टायर, ब्रेक, सस्पेन्शन, आणि मग इंजिन. बाजारात मात्र सगळं उलटं चालतं. सगळ्यात आधी सायलेन्सर विकला जातो, कारण तो ऐकू जातो.

जाड नळकांड्याचा सायलेन्सर लावून ताकद वाढते, ही समजूत किती घट्ट आहे! धूर वेगाने बाहेर पडत असतो, तेव्हा तो मागच्या धुराला ओढ लावतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली, की वेग पडतो, ओढ कमी होते, आणि खालच्या फेऱ्यांतली उरलीसुरली ताकदही जाते. या इंजिनाला खरा उपयोग होतो तो नीट मोजून केलेल्या हेडरचा, म्हणजे चार सिलिंडरच्या चार नळ्या आधी दोन आणि मग एक होणाऱ्या जोडणीचा. ते काम कसबी आहे. नळ्यांच्या लांब्या जुळल्या पाहिजेत, वळणं सौम्य पाहिजेत, वेल्डिंगचा मणी आत यायला नको.

हेडचं काम याहून नाजूक. पोर्ट घासून गुळगुळीत करणं, हेड थोडं तासून कॉम्प्रेशन वाढवणं. कॉम्प्रेशन वाढलं की ताकद वाढते, पण इंधन दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटायचा धोकाही वाढतो. त्या ठोक्यांनी पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून अशी इंजिनं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मागतात. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, तेव्हा या मंडळींत दिवाळी झाली होती. पण ते मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं, आणि इचलकरंजीच्या माणसाने रोज पुण्याला जाऊन टाकी भरायची नसते.

सगळ्यात वाईट बदल कोणता, असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: कापलेले स्प्रिंग. गाडी खाली बसलेली सुंदर दिसते हे मान्य. मूळ सिटीसुद्धा स्पीडब्रेकरला पोट घासायची. पण स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापले, की उरलेला स्प्रिंग आपल्या जागेवर घट्ट बसत नाही, शॉकअब्सॉर्बरचा प्रवास संपतो, आणि खड्ड्यात चाक उसळलं की स्टिअरिंग आपोआप ओढतं. आंबोली किंवा ताम्हिणीच्या वळणावर हे घडलं, तर पुढे दरी आहे. दोन हजार रुपयांत होणारं हे काम करणाऱ्या गॅरेजवाल्यांना मी गुन्हेगार मानतो. डोळ्यांत सुया घुसवणारे पांढरे दिवे लावणाऱ्यांनाही. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला आंधळं करायचा हक्क कुणाला नाही.

पोलोची गोष्ट वेगळी आहे, थोडक्यात सांगतो. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये टर्बो होता, आणि टर्बोच्या गाडीत ताकद कॉम्प्युटरमधल्या आकड्यांवर असते. लॅपटॉप जोडला, नवा नकाशा चढवला, अर्ध्या तासात गाडी दुसरीच. पण तिचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतचा जोर सोसायला बनवलेला आहे, आणि नकाशा विकणारा ते सांगेलच असं नाही. क्लच जळाल्यावर येणारा खर्च पाहून रडवेला झालेला एक डॉक्टर मला पिंपरीत भेटला. सिटीत माणसाला प्रत्येक बदल हाताने करावा लागतो, त्यामुळे तो समजून करावा लागतो. मला त्यात या जुन्या गाडीचं मोठं पुण्य वाटतं.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांत बदल होईल असं काही वाहनात करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने याबाबत सैल भूमिका घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात ती रद्द केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अशी तरतूद आली. रंग बदलला तरी आरसीवर नोंद हवी. तशाच प्रकारचं दुसरं इंजिन बसवायचं, तरी आधी परवानगी हवी. जपानमधून आलेल्या अर्ध्या कापलेल्या गाडीतलं मोठं इंजिन गुपचूप बसवणं, जे आपल्याकडे सर्रास चालतं, ते सरळ बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथे ठेवते.

पोलिस जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रात्री अकराला इस्पितळासमोरून फटाके फोडत जाणाऱ्याशी या लेखातल्या माणसांचं काही नातं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. जर्मनीत बदललेला भाग तपासून प्रमाणित करायची पद्धत आहे. टीयूव्हीचा तज्ज्ञ गाडी पाहतो, आणि गरज असेल तिथे बदलाची नोंद गाडीच्या कागदांत होते. तिथे मोठे ब्रेक लावणारा माणूस कायद्याच्या आत राहू शकतो. आपल्याकडे तशी सोपी वाट सामान्य मालकाला दिसत नाही. गाड्यांची आणि भागांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात, वेताळ टेकडीच्या अंगावर उभी आहे. हात आहेत, यंत्रं आहेत, ज्ञान आहे. चांगल्या ब्रेकला आणि कापलेल्या स्प्रिंगला एकाच मापाने मोजणं थांबवायचं ठरवलं, तर त्यासाठी लागणारी माणसं याच शहरात रोज कामावर जातात.

आणि वेग काढायचा कुठे? चाकण, पिंपरी, रांजणगाव, शेंद्रा, देशातल्या मोटारींचा एवढा मोठा हिस्सा या राज्यात बनतो, पण शर्यतींच्या मोठ्या धावपट्ट्या चेन्नईला, कोइमतूरला, ग्रेटर नोएडाला. आपल्याकडे अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर सरळ रेषेच्या शर्यती झाल्या, त्यात या जुन्या सिटीही उतरल्या. कोल्हापुरात गो-कार्टिंगची परंपरा आहे, तिथून पुढे राष्ट्रीय पातळीवर गेलेली मुलं आहेत. पण रविवारी सकाळी आपली गाडी नेऊन, पैसे भरून, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना तिचा कस पाहावा, अशी जागा मला भेटलेल्यांतल्या बहुतेकांच्या आवाक्यात नाही. मग घाटात पहाटे पाचला गाड्या निघतात. पहाटे पाचला घाटात दुधाच्या गाड्या असतात, शाळेला निघालेली मास्तर मंडळी असतात, ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या असतात. घाटात वेग काढणाऱ्यांशी या बाबतीत माझं भांडण झालं आणि ते मी मिटवलेलं नाही.

सध्या या जुन्या सिटीच्या मालकांपुढे प्रश्न आहे तो मागच्या सस्पेन्शनच्या एका बुशचा. थायलंडहून येणारा माल आटला, नाना पेठेतला संपला, आणि बाजारातलं नकली रबर सहा महिन्यांत चुरतं. मामांच्या शेजारच्या गल्लीत रबराचे साचे करणारा कारखानदार आहे. त्याने सांगितलं, साचा करून देतो, पण माल एकदम घ्यावा लागेल, दोन-चार नग परवडणार नाहीत. म्हणून सांगली, पुणे, बेळगाव, पणजी, नाशिक अशा ठिकाणच्या मालकांनी पैसे एकत्र केले. सगळ्यात कमी झिजलेला मूळ बुश बेळगावच्या एका गाडीतून काढून मापासाठी कोल्हापूरला पाठवला गेला. साच्याचं काम सुरू झालंय. अडलंय ते रबराच्या कडकपणावर. पुणेकरांना सत्तर शोअर हवं, कारण वळणावर गाडी नेमकी राहते. मामा साठाच्या वर जायला तयार नाहीत. ते म्हणतात, कंपनीच्या इंजिनिअरने ते रबर मऊ ठेवलं त्याला कारण असणार, आणि आपल्या रस्त्यांवर कडक रबर लावलं तर झटका पत्र्यापर्यंत जाऊन टाके फुटतील. दोन्ही मापाचे दोन-दोन नमुने ओतून आधी सांगलीच्या गाडीत बसवून बघायचे, एवढ्यावर गेल्या आठवड्यात तडजोड झाली आहे.